‘छान’च्या जागी काय? प्रकल्प नोंदी

४ जून

आजपासून फाइल सुरू केली. काम एवढंच ठरलंय की आपण दिवसातून कितीतरी वेळा वापरतो तो ‘छान’ हा एकच शब्द घ्यायचा आणि त्याच्या जागी कुठे कुठला नेमका शब्द बसतो त्याची एक शीट बनवायची, म्हणजे शाळेतली मुलं, लिहिणारे, भाषांतर करणारे, कुणालाही उघडून बघता येईल. डोक्यात आलं ते माझाच एक जुना प्रवासाचा लेख वाचताना. चार पानांत ‘छान’ सतरा वेळा. सकाळ छान, रस्ता छान, भेटलेली माणसं छान, परतताना वाटलं तेही छान. वाचून ती सकाळ डोळ्यासमोर येईचना, आणि मी तर तिथे होते.

माणसं चार. मी, धाकटा भाऊ (स्क्रिप्ट, म्हणजे मजकुरातले ‘छान’ शोधणारा छोटा प्रोग्राम, तो लिहिणार), आत्या (तिने तीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलंय, तिच्या कानावर माझा पूर्ण भरवसा आहे) आणि आठवीतली भाची, जिच्या निबंधांवर आपण ही शीट टेस्ट करणार.

आज फक्त आठवतील ते शब्द ओतले. सुंदर, सुरेख, मस्त, झकास, भारी, देखणा, उत्तम, नामी, लोभस, टुमदार, रेखीव, प्रसन्न, बहारदार, अफलातून... तासाभरात ९० झाले. थांबावं असं वाटतच नव्हतं.

५ जून

पहिला कॉलम ठेवला ‘जोर’. म्हणजे बरा १, ठीक २, चांगला ३, छान ४, उत्तम ५, उत्कृष्ट ६, अप्रतिम ७, अद्वितीय ८. बघायला एकदम नीट दिसतं, पण दुपारपर्यंत खटकायला लागलं. ‘उत्तम’ हा शब्द मुळातच शेवटच्या पायरीचा, त्यातला ‘तम’ म्हणजे सगळ्यांत वरचा, पण वापरून वापरून तो एवढा खाली आला की वर ‘सर्वोत्तम’ लावावा लागला. ‘अप्रतिम’ म्हणजे ज्याला दुसरी प्रतिमा नाही, ज्याच्यासारखं दुसरं दाखवता येत नाही ते. आता कुणाचाही फोटो अप्रतिम असतो. म्हणजे या शिडीच्या पायऱ्या जागेवर राहतच नाहीत, सगळ्या हळूहळू खाली येतात.

आणि ‘बरा’ तर शिडीवर बसतच नाही. “निकाल बरा लागला” यात थोडी नाराजी आहे, “आज बरं वाटतंय” यात आजारातून उठल्याचा आनंद आहे, “बरं झालं तू आलास” यात तर सुटकेचा श्वास आहे. एकच शब्द, आकडा कुठला टाकू?

एक जुनी गोष्ट पण आठवली. माझा पहिला छापून आलेला लेख, त्यातले सगळे ‘छान’ कुणीतरी संपादनात ‘अप्रतिम’ करून टाकले होते. तेव्हा मला काय खटकतंय ते सांगता आलं नव्हतं, नुसतं वाईट वाटलं होतं. आज कळतंय. लेख तेवढाच आंधळा राहिला होता, फक्त आवाज वाढला होता.

८ जून

भावाने स्क्रिप्टचा पहिला ड्राफ्ट पाठवला. निबंधातला ‘छान’ शोधायचा आणि यादीतला कुठलाही एक शब्द तिथे टाकायचा, बघू काय होतं ते. झालं असं की “देखणा गाणी ऐकली”, “टुमदार झोप लागली”, “ती गोंडस पोहते”.

यातून दोन गोष्टी शिकलो आणि दोन्ही व्याकरणाच्या आहेत. एक, ‘छान’ हे अविकारी विशेषण आहे, लिंग वचन काहीही बदललं तरी ते हलत नाही, छान मुलगा, छान मुलगी, छान झाडं, छान मुलांना. पण शेवटी आ असलेलं विशेषण हलतं. चांगला, चांगली, चांगलं, चांगले, चांगल्या, अशी पाच रूपं आहेत. देखणा, साजरा, टपोरा, भला हे सगळे तसेच. म्हणजे स्क्रिप्टला नाम ओळखून रूप बदलावं लागणार. दुसरं, ‘छान’ क्रियापदालाही चालतो. छान गाते, छान पोहते, छान समजावते. सुरेख आणि अप्रतिम यांनाही ते जमतं, पण गोंडसला जमत नाही, टुमदारला नाही, लोभसला “लोभस हसते” एवढंच जमतं. म्हणून ‘क्रियेला चालतो का’ असा हो/नाही कॉलम वाढवला.

मला वाटतं ‘छान’ एवढा पसरला त्याचं एक मोठं कारण हेच असावं. कुठेही ठेवा, बसतो, रूप बदलायचं नाही, लिंगाचा विचार करायचा नाही, समोर नाम आहे की क्रियापद तेही बघायचं नाही. बोलताना ती सोयच आहे आणि त्यात काही चूक नाही. लिहिताना मात्र वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही.

९ जून, रात्री

आत्याला फोन केला. मी तिला शिडी वाचून दाखवली, आकडे सांगितले, ती शांतपणे ऐकून म्हणाली, “अगं, पण छान काय आहे ते कुठे लिहिलंयस? आधी वस्तू लिही. शब्द मागून येईल.”

मी म्हटलं, “आत्या, पण शीट तर छान शब्दाची आहे.”

“म्हणूनच तर. छान एकटा कधी असतो का? तू अमरकोश काढ, तिसरं कांड, पहिला वर्ग. त्या वर्गाचं नाव वाच फक्त.”

काढला. (अमरकोश म्हणजे अमरसिंहाचा जुना संस्कृत कोश, समानार्थी शब्द विषयवार मांडलेला.) नाव आहे विशेष्यनिघ्नवर्ग. निघ्न म्हणजे अधीन, दुसऱ्यावर अवलंबून असलेला. विशेष्याच्या अधीन असलेल्या शब्दांचा वर्ग, म्हणजे विशेषणं. अमरसिंहाने विशेषणांना नावच असं दिलंय की त्यांना स्वतःचं लिंग नाही आणि वचन नाही, ज्याच्याबरोबर जातील त्याचं घेतील. कॉलेजात संस्कृत असूनही मी हे कधी नीट वाचलं नव्हतं. रात्री साडेअकराला शिडीचा कॉलम डिलीट केला.

१० जून

तोच वर्ग पुढे वाचला. त्यात सुंदरसाठी एकाच श्लोकात बारा शब्द येतात. सुंदर, रुचिर, चारु, सुषम, साधु, शोभन, कांत, मनोरम, रुच्य, मनोज्ञ, मंजु, मंजुल. बारा शब्द, एकच अर्थ, असं तिथे मांडलंय. मग मी प्रत्येक शब्द आज मराठीत कुठे आहे ते शोधत बसले आणि सगळी सकाळ त्यात गेली.

साधु तर माणूसच झाला. कांत नावांच्या शेवटी जाऊन बसला. चारु, मंजु, रुचिर, सुषम हे मुलामुलींची नावं झाले. रुच्य गेला, पण त्याच्या घरचा रुचकर जिभेपुरता राहिला. मंजुल मराठीत मंजुळ झाला आणि फक्त कानाचा झाला, मंजुळ आवाज म्हणतो आपण, मंजुळ चेहरा म्हणत नाही. मनोरम दृश्याला चिकटला. आणि सगळ्यात नवल शोभनचं, तो स्वतः बोलण्यातून गेला पण त्याच्या नकाराची आठवण ‘अशोभनीय’ म्हणून रोज वापरात आहे.

म्हणजे बाराही एका अर्थाचे होते असं धरलं तरी मराठीत येता येता प्रत्येकाने आपली जागा वेगळी केली. समानार्थी शब्द फार काळ समानार्थी राहत नाहीत, प्रत्येकाला स्वतःचं नाम सापडतं. आमच्या शीटचा पहिला कॉलम आता नाम. ठरलं.

१३ जून

नवीन रचना. डावीकडे नाम, उजवीकडे त्याला शोभणारी विशेषणं, आणि प्रत्येक विशेषणासमोर एक ओळ की हा शब्द नेमकं काय बघतो. पहिली रो घेतली ‘अक्षर’, कारण आत्याची सगळी हयात अक्षरात गेली, ती म्हणाली इथून सुरू कर.

छान अक्षर. आता बघा. सुवाच्य म्हणजे वाचता येतं, बास, देखणं असेलच असं नाही. वळणदार म्हणजे वेलांट्या आणि काने नीट वळलेत, हात फिरताना लय आहे. टपोरं म्हणजे मोठं, गोल, भरलेलं. ठसठशीत म्हणजे दाबून काढलेलं, लांबून उठून दिसणारं. रेखीव म्हणजे प्रत्येक रेघ मोजून काढल्यासारखी. मोत्यासारखं म्हणजे सगळी अक्षरं एका मापाची, सारख्या अंतरावर. आत्या म्हणाली की टपोरं अक्षर बहुतेक लहान मुलांचं किंवा मोकळ्या स्वभावाच्या माणसाचं असतं आणि रेखीव अक्षरवाला माणूस पत्र दोनदा लिहितो, हे मी शीटमध्ये नाही टाकलं पण इथे ठेवते.

सहा शब्द, आणि यातला एकही दुसऱ्यापेक्षा जास्त छान नाही. प्रत्येकाची नजर वेगळीकडे आहे. मला या प्रोजेक्टमधली ही रो सगळ्यात जवळची वाटते.

१५ जून

‘आवाज’ आणि ‘गाणं’ एकदम घेतले कारण लोक यांची गल्लत करतात. आवाज गोड, मंजुळ, खणखणीत, भरदार, पहाडी, धीरगंभीर. गाणं सुरेल, श्रवणीय, भावपूर्ण, अवीट. ‘मधुर’ दोन्हीकडे चालतो. ‘अवीट’ मला फार आवडतो, विटणे म्हणजे कंटाळा येणे, नकोसं होणे, आणि अवीट म्हणजे कितीदा ऐका, विटत नाही. म्हणून तो पहिल्यांदा ऐकलेल्या गाण्याला लावता येत नाही! त्याला काळ लागतो. शीटमध्ये ‘कधी वापरू नये’ हा कॉलम आज या एका शब्दामुळे आला.

खणखणीतवरून भाऊ म्हणाला, “ताई, असे डबल वाले खूप आहेत ना, खणखणीत दणदणीत वगैरे, त्यांची वेगळी टॅब करू?” केली, आणि ती उद्या भरायची.

१६ जून

आजचा दिवस या प्रोजेक्टमधला सगळ्यात मजेचा. दणदणीत विजय. सणसणीत उत्तर. घसघशीत वाढ. लखलखीत यश. खणखणीत नाणं आणि खणखणीत आवाज. टवटवीत फूल, टवटवीत चेहरा. खुसखुशीत लेख. ठसठशीत अक्षर. झणझणीत टीका. एकेकाची जोडी इतकी पक्की आहे की अदलाबदल केली तर मराठी माणूस लगेच हसतो, घसघशीत विजय आणि दणदणीत वाढ म्हणून बघा. दणदणीतमध्ये नगाऱ्याचा दण् आहे, जिंकल्यावर वाजतो तो. सणसणीतमध्ये हवेतून सण्णकन काहीतरी येऊन लागल्याचा आवाज आहे, म्हणून ते उत्तरालाही चालतं आणि थपडेलाही. खणखणीतमध्ये नाणं दगडावर आपटून पारखल्याचा आवाज आहे, खोटं नाणं बद्द वाजतं.

म्हणजे हे शब्द अर्थ सांगायच्या आधी ऐकू येतात. मराठीकडे ही केवढी मोठी गोष्ट आहे आणि आपण तिथे ‘खूप छान विजय’ लिहितो.

सावधानीची नोंद: याच साच्यातले काही शब्द बहुतेक वाईटाला लागतात. धडधडीत खोटं. ढळढळीत अन्याय. भाचीने काल “धडधडीत यश” लिहिलं होतं, तिचा कान साच्यावर गेला आणि ते बरोबरच होतं म्हणा, पण जोडी चुकली. ‘कधी वापरू नये’ कॉलममध्ये टाकलं.

१९ जून

शब्द कसे बनलेत त्यावरून गट पडतात का ते बघत होते. पडतात. क्रियापदापासून आलेले ‘ईव’वाले: रेखणे रेखीव, कोरणे कोरीव, आखणे आखीव, घोटणे घोटीव. हे सगळे हातच्या कामाचे शब्द आहेत, कुणीतरी मेहनत घेतली तेव्हा ती गोष्ट अशी झाली, हे त्या शब्दातच आहे. म्हणून डोंगराला आखीव म्हणता येत नाही, पण रेखीव भुवया म्हणतो तेव्हा जणू कुणी काढल्यात असं म्हणत असतो.

मग ‘दार’वाले, हा प्रत्यय फारसीतून आला, दार म्हणजे बाळगणारा. डौलदार चाल, ऐटदार फेटा, रुबाबदार माणूस, बहारदार मैफल, खुमासदार किस्सा, पाणीदार डोळे, बाणेदार उत्तर, टुमदार घर. हे शब्द सांगतात की त्या गोष्टीकडे स्वतःचं काहीतरी आहे, डौल आहे, पाणी आहे, खुमास आहे. टुमदारमधला ‘टुम’ सुटा कुठे वापरत नाही, पण शब्द फक्त लहान आणि नेटक्या गोष्टीला बसतो हे प्रत्येकाला माहीत आहे. भलामोठा वाडा टुमदार होत नाही.

आणि सुरेख! सु आणि रेखा. चांगली रेघ असलेलं. आज तो गाण्यालाही चालतो, कार्यक्रमालाही चालतो, रेघेची आठवण पुसली गेली. मला वाटतं चित्राला, अक्षराला, नाकडोळ्यांना सुरेख म्हणावं, म्हणजे त्या शब्दाला घरी आल्यासारखं वाटेल. सक्ती नाही, शीटमध्ये फक्त ‘इथे जास्त खुलतो’ असं लिहिलंय.

२२ जून

बाहेरून आलेले. हे करताना दोन दिवस गेले कारण प्रत्येकाची पूर्वीची गोष्ट भारी निघाली.

मस्त फारसी, मूळ अर्थ नशेत असलेला, झिंगलेला. मराठीत मस्ती, मस्तवाल यांत ती झिंग अजून दिसते, मस्तवाल म्हणजे माज चढलेला. म्हणून असेल कदाचित, मस्तमध्ये नेहमी सुखात लोळल्याची छटा येते, मस्त ताणून दिली म्हणतो, पण “मस्त श्रद्धांजली सभा झाली” असं कुणी म्हणणार नाही. जबरदस्त म्हणजे ज्याचा हात वरचा, जबर आणि दस्त, त्यात ताकद आहे, त्याच शब्दातून जबरदस्ती निघाली. तेव्हा जबरदस्त खेळी, जबरदस्त टक्कर, हे बरोबर, जबरदस्त अंगाई नको. नामी म्हणजे नाव असलेला, प्रसिद्ध, पण मराठीत तो युक्ती आणि संधी या दोघींपाशीच राहिला. उमदा अरबीतून आला आणि माणसाला नि घोड्याला शोभला.

आणि अफलातून. हे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचं अरबी-फारसी नाव! एका माणसाचं नाव विशेषण झालं आणि अर्थ झाला, कुणाच्या डोक्यात येणार नाही असं काहीतरी. म्हणून तो कल्पनेला, युक्तीला, डोक्यातून निघालेल्या गोष्टीला खुलतो. अफलातून सूर्यास्त मला तरी जमत नाही, सूर्यास्ताला कुणी डोकं लढवलेलं नसतं.

भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “लोकांना मूळ माहीत नसतं तरी वापर बरोबर करतात की.” खरंय त्याचं. मूळ अर्थ विसरला तरी सवय राहते, आणि आम्ही शीटमध्ये ती सवय नोंदवतोय.

२४ जून

थोडी कोशांची कामं. मोल्सवर्थचा कोश (१८३१ आणि मग वाढवलेली १८५७ची आवृत्ती, साधारण ६०,००० शब्द) अर्थ इंग्रजीत देतो, जुनी छटा पकडायला त्याची फार मदत होते. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही उघडून ठेवलाय. दोन्ही अक्षरानुसार आहेत, म्हणजे शब्द माहीत असेल तर अर्थ मिळतो. आम्हाला उलटं हवंय, मनात गोष्ट आहे आणि शब्द सुचत नाहीये. पीटर रोजे या डॉक्टरने इंग्रजीत १८५२ मध्ये तसा कोश छापला, अर्थावरून शब्दाकडे जाणारा, आणि आपल्या अमरकोशाची मांडणी त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून विषयवार आहेच. तेव्हा वाट नवी नाही, आम्ही त्यातला एवढासा तुकडा घेतलाय.

२७ जून

‘माणूस’ ही रो सगळ्यात अवघड. छान माणूस म्हणजे काय? भला, सज्जन, सालस, दिलदार, मनमिळाऊ, लाघवी, मायाळू, कनवाळू, ऋजू, उमदा. आत्याशी दोन तास बोलले यावर.

सालस म्हणजे शांत, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिलदार म्हणजे देताना हात न आखडणारा, तो सालस असेलच असं नाही, मोठ्याने बोलणारा, भांडणाराही असू शकतो. लाघवी म्हणजे बोलण्यातून समोरच्याला आपलंसं करणारा, यात आत्याला किंचित जपून राहावं असं वाटतं, लाघवीपणा मनापासून असतो तसा कामापुरताही असतो. कनवाळू दुसऱ्याचं दुःख बघून हलतो. मायाळू दुःख नसतानाही माया करतो. मनमिळाऊ चारचौघांत कळतो, ऋजू एकट्याशी बोलताना.

“आपले आजोबा कुठल्यात?” मी विचारलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “कनवाळू. पण कुणाला कळू द्यायचे नाहीत.”

आजोबांबद्दल लहानपणापासून छान माणूस होते एवढंच ऐकलं होतं मी. आज पहिल्यांदा ते कसे होते ते कळलं.

३० जून

रंगांची टॅब. ही आमच्या विषयात बसते का यावर चर्चा झाली, पण मला राहवलं नाही. ‘खूप काळा’ असं लिहायची मराठीला गरजच नाही, जोर शब्दालाच चिकटलेला मिळतो. हिरवागार, निळाशार, पांढराशुभ्र, पिवळाजर्द. पिवळाजर्दमध्ये जर्द म्हणजे फारसीत पिवळाच, आणि शुभ्र म्हणजे संस्कृतात पांढराच, म्हणजे रंग दोन भाषांत दोनदा सांगून गडद केलाय. केवढं सुंदर आहे हे.

त्याहून महत्त्वाचं, नुसता जोर नाही, मत पण आहे त्यात. काळेभोर डोळे, काळाकुट्ट अंधार. भोर माया करतो, कुट्ट घाबरवतो. ढगांना दोन्ही चालतात, आणि तिथेच लिहिणाऱ्याला निवड करावी लागते, काळेभोर ढग लिहिलं तर तो पावसाची वाट बघतोय, काळेकुट्ट लिहिलं तर त्याला घरी पोचायचंय. लालचुटुक ओठ, लालबुंद चेहरा, लालभडक कपडे, तिन्ही लालच.

टॅब ठेवली.

३ जुलै

टेस्टिंग. भाचीने जुना निबंध घेतला आणि शीट बघून स्वतः बदल केले, स्क्रिप्ट न वापरता. काही बदल मनासारखे झाले, “छान सकाळ” ची “प्रसन्न सकाळ”, “छान उत्तर दिलं” चं “चपखल उत्तर दिलं”, “छान काम” चं “चोख काम”. पण काही ठिकाणी तिने एका वाक्यात तीन शब्द घातले, “लोभस, विलोभनीय, नयनरम्य तलाव”. वाचताना धाप लागते. मी तिला म्हटलं एक ठेव. तिने विचारलं कुठला. मी उलट विचारलं, तलाव कसा होता? “गप्प होता,” ती म्हणाली. मग तिने “गप्प तलाव” लिहिलं, आणि हा शब्द आमच्या ४०० शब्दांच्या शीटमध्ये कुठेच नाही.

आता टाकलाय? नाही. तो तिचा आहे.

एक रो मात्र तिलाही जमली नाही आणि मलाही, ती म्हणजे ‘छान वाटलं’. हलकं वाटलं, मोकळं वाटलं, समाधान वाटलं, प्रसन्न वाटलं, सगळे लिहून बघितले, तिला कुठलाच पटला नाही. तिचं वाक्य आहे “पणजीला भेटून छान वाटलं”. मी सुचवलं की वाटलं हे क्रियापदच सोडून दे. तर रात्री तिचा मेसेज आला, “पणजीने हात सोडलाच नाही, मला निघवेना.” त्या रोमध्ये विशेषणाचा कॉलम रिकामा ठेवलाय आणि शेऱ्यात लिहिलंय, इथे काय झालं ते लिहा.

६ जुलै

जुन्या आणि बोलीतल्या शब्दांना वेगळा रंग दिला. ‘साजरा’ घ्या. आज साजरा फक्त करतात, सण साजरा, वाढदिवस साजरा. पण मुळात तो साजणारा, शोभणारा, म्हणजे सुंदर. दुरून डोंगर साजरे या म्हणीत तो अर्थ जपून राहिला, आणि वऱ्हाडी बोलीत साजरं अजून रोज म्हणतात. ‘चांग’ तसाच, एकटा गेला, पण चांगला, चांगुलपणा आणि चांगभलं यांच्यात आहे. प्रमाण मराठीत विझलेला शब्द बोलीत पेटता असतो, हे आपण शाळेत का नाही शिकत मला कळत नाही. या शब्दांसमोर ‘अशुद्ध’ किंवा ‘ग्रामीण’ असा शेरा लिहायचा नाही, हे तिघांनी मिळून ठरवलं. फक्त कुठे बोलतात ते लिहायचं.

झकास, भन्नाट, भारी, कडक, एक नंबर हे पण त्याच मानाने घेतलेत. भन्नाट मुळात सुटलेल्या वाऱ्याचा शब्द, भन्नाट वारा, भन्नाट वेग, म्हणून वेगवान कल्पनेला तो इतका बसतो.

९ जुलै

‘छान’ ची स्वतःची रो. आत्याचा आग्रह होता की ती हवीच, नाहीतर मुलांना वाटेल छान म्हणणं चूक आहे. तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. कुणी घाबरत पहिली कविता वाचून दाखवली की “छान!” एवढंच म्हणावं, तिथे ओघवती, आशयघन असं बोललो तर ते परीक्षण वाटतं. फोनवर “सगळे बरे आहात ना? छान.” इथेही तो हवा, तो तिथे गुण सांगत नाहीये, ऐकतोय म्हणून सांगतोय. संवादात पात्राच्या तोंडी तर हवाच, माणसं तसंच बोलतात, सगळ्यांच्या तोंडी विलोभनीय घातलं तर एकही पात्र जिवंत राहणार नाही.

म्हणून स्क्रिप्टमध्ये बदल: अवतरण चिन्हांच्या आतला ‘छान’ अधोरेखित करायचा नाही. आणि आपोआप बदलायचा तर कुठेच नाही, फक्त विचारायचं, “काय छान?” आणि नाम ओळखलं की त्या नामाची रो उघडायची. भावाने ते दोन तासांत करून दिलं, रूपं बदलायचा प्रश्नही त्यामुळे सुटला, कारण शब्द आता माणूसच टाइप करणार.

१२ जुलै

आकडे: ६२ नामं, ४३० च्या आसपास विशेषणं, ‘कधी वापरू नये’ कॉलममध्ये ७० नोंदी. ‘झोप’ मध्ये अजून फक्त गाढ, शांत आणि साखरझोप (तो नामच आहे, तरी ठेवला). ‘पाऊस’ अपुरा आहे.

आत्याने पूर्ण शीट प्रिंट काढून वाचली, लाल पेनने, जुन्या सवयीप्रमाणे समासात खुणा करून फोटो पाठवले. अकरा दुरुस्त्या. त्यातली शेवटची: “टुमदारसमोर बंगला, घर, गाव बरोबर आहे. कुणीतरी शहर टाकलंय. ते काढ.”

काढलं.